बंद ग्रुपमधलं गिऱ्हाईक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

निवडक ग्राहकांचा बंद ऑनलाइन ग्रुप काढायचा, महिनोन्महिने त्यांच्याशी बोलायचं आणि त्यातून पुढचा माल बेतायचा. मोठ्या कंपन्यांची ही जुनीच रीत. व्हॉट्सॲपमुळे आता ती लोणची-मसाले विकणाऱ्या घरगुती उद्योगालाही परवडते. मात्र तिच्याबद्दलचे गैरसमजही तितकेच पसरले आहेत.

गैरसमज: माणसं जितकी जास्त, तितकं संशोधन पक्कं.

लेगोने नेमकं उलट केलं. रोबो बनवण्याचा त्यांचा ‘माइंडस्टॉर्म्स’ हा संच १९९८ मध्ये आला. नव्या आवृत्तीची आखणी करताना, २००४ मध्ये, कंपनीने सुरुवातीला चारच वापरकर्ते निवडले. गुप्ततेच्या करारावर त्यांच्या सह्या घेतल्या आणि ऑनलाइन खल सुरू झाला. हे चौघे वाटेल ते उचललेले नव्हते. एकाने या संचासाठी स्वतःचं प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर लिहिलं होतं, दुसरा त्याला जोडायचे सेन्सर बनवत होता. मूळ संचात काय अडतं, हे त्यांना कंपनीतल्या कित्येकांपेक्षा चांगलं ठाऊक असणार. पुढे गट वाढवला गेला, आणि जानेवारी २००६ मध्ये नवा संच जाहीर झाला.

गैरसमज: पैसे दिल्याशिवाय कोण बोलणार?

या मंडळींना मोबदला मिळाला तो लेगोच्याच संचांचा. डेन्मार्कमधल्या बिलुंडला मुख्यालयात बोलावणं आलं, तेव्हा विमानाचं भाडं त्यांनी पदरचं भरलं. आपलं ऐकलं जातंय, ही खात्री त्यांना पुरली. (कपडे धुण्याच्या पावडरीसाठी कुणी विमानात बसणार नाही, हे मान्य. तिथे छोटी भेट द्यावीच लागते. पण नुसत्या भेटीसाठी आलेला माणूस ‘छान आहे’ एवढंच लिहून मोकळा होतो.)

गैरसमज: ग्रुपमधल्या ७० टक्क्यांना आवडलं, म्हणजे बाजारातल्या ७० टक्क्यांना आवडेल.

सर्वांत महागात पडतो तो हा. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. २० लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यांवरून आल्फ्रेड लँडन जिंकणार असं भाकीत झालं. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते मुख्यतः टेलिफोन आणि मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतले होते. शिवाय उत्तर धाडलं ते ज्यांना धाडावंसं वाटलं त्यांनीच. तुमच्या ग्रुपमध्येही आपणहून आलेली, ब्रँडवर आधीच जीव असलेली माणसं असतात. ‘का आवडत नाही’ हे त्यांना जरूर विचारा. ‘किती खपेल’ यासाठी वेगळी, नमुना नीट निवडलेली पाहणी लागते.

गैरसमज: ग्रुप खासगी, म्हणजे नियम नाहीत.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती कशासाठी हवी ते सांगून संमती घेण्याची आणि ती सहज मागे घेता येण्याची तरतूद आहे. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते. आंतरराष्ट्रीय बाजार-संशोधकांची आचारसंहिता आणखी एक कुंपण घालते: संशोधनाच्या नावाखाली विक्री करायची नाही. इथेच आपल्याकडचे अनेक ग्रुप घसरतात. मतं विचारता विचारता मालक एक दिवस सवलतीचं कूपन टाकतो, आणि मग चवीबद्दल कुणी बोलत नाही, सगळे पुढची सवलत कधी तेच विचारतात.