कुत्र्याच्या अंगावरचा ओला चट्टा

पावसाळा सुरू झाला, की कुत्री पाळणाऱ्या घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. काल संध्याकाळपर्यंत कुत्र्याचे अंग चांगले होते. सकाळी पाहावे तो गालाखाली किंवा शेपटीच्या मुळाशी तळहाताएवढा चट्टा! केस गळालेले, कातडी लालबुंद, वर चिकट पाणी सुटलेले. हात लावू जावे तर एरवी गरीब असलेला कुत्राही गुरगुरतो. आमच्याकडे विष्णुपुरीच्या आसपास अशा कुत्र्याला ‘लूत लागली’ असे म्हणतात. मग कोणी त्याला गाडीचे जळके तेल चोपडतो, कोणी फिनेल ओततो, तर कोणी सरळ हाकलून देतो.

हा चट्टा म्हणजे लूत नव्हे. लूत होते ती कातडीत राहणाऱ्या सूक्ष्म किडींमुळे. ती हळूहळू, काही आठवड्यांत पसरते, एका कुत्र्यापासून दुसऱ्याला लागते, आणि तिचा एक प्रकार माणसालाही काही काळ खाजवायला लावतो. ओला चट्टा मात्र काही तासांत उमटतो आणि सहसा कोणाला लागत नाही. इंग्रजीत याला ‘हॉट स्पॉट’ म्हणतात, कारण तिथे रक्तपुरवठा वाढून कातडी हाताला गरम लागते.

तो तयार करतो स्वतः कुत्राच! कशाने तरी खाज सुटते. कुत्रा तेथे चाटतो, चावतो, नखांनी ओरबाडतो. माणसाच्या बाह्यत्वचेत पेशींचे दहा-पंधरा थर असतात, कुत्र्याच्या केसाळ भागात जेमतेम तीन ते पाच. हा पातळ पडदा लवकर फाटतो व त्यातून रक्तद्रव पाझरतो. कुत्र्याच्या अंगावर एरवी निरुपद्रवीपणे राहणाऱ्या जीवाणूंना ही मेजवानीच होय. त्यांतील मुख्य जीवाणू म्हणजे स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमिडियस. वेगळी जात म्हणून त्याचे वर्णन २००५ साली झाले. जीवाणू वाढले की दाह वाढतो, दाहाने खाज वाढते, आणि कुत्रा अधिकच चावू लागतो. चक्र एकदा फिरू लागले की मूळ कारण नाहीसे झाले तरी ते आपोआप थांबत नाही.

दमट हवेत हे अधिक का घडते? लॅब्राडोरचे उदाहरण घेऊ. त्याचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरचे, थंडगार समुद्रात कोळ्यांबरोबर काम करणारे. बाहेरच्या केसांखाली त्यांना मऊ, दाट केसांचा आणखी एक थर असतो. तिकडे तो थर ऊब देई. इकडे गोदावरीच्या जलाशयात डुंबून आलेल्या, किंवा नुसत्या भिजलेल्या लॅब्राडोरच्या अंगावर ऑगस्टच्या कोंदट हवेत तीच ओली गोधडी होऊन बसते. वरून हात फिरवला तर केस कोरडे लागतात, आत कातडी भिजलेलीच असते. जर्मन शेफर्डचीही हीच गत. लातूरकडच्या आखूड केसांच्या कारवानी कुत्र्याचे अंग मात्र झटकन वाळते. आपल्या हवेला कोणता कुत्रा मानवतो, याचा विचार विकत घेताना फारसा कोणी करत नाही, ही आमची जुनी तक्रार आहे.

चट्टा कोठे पडला, यावरून कारणाचा माग लागतो. कानाखाली असेल तर कान दुखत असण्याचा संभव. कानात पहावे, वास घ्यावा. शेपटीच्या मुळाशी असेल तर पहिला संशय पिसवांवर. पिसू रक्त पिताना लाळ सोडते, आणि काही कुत्र्यांना त्या लाळेचे इतके वावडे असते की दोन-चार चावेही पुरतात. गुदद्वाराशेजारच्या ग्रंथी तुंबल्या तरी कुत्रा तोच भाग चावतो.

पिसू स्वतः चटकन दिसत नाही, पण तिची विष्ठा सापडते. पाळलेल्या, शांत कुत्र्याचे केस बारीक कंगव्याने पांढऱ्या कागदावर विंचरावेत. पडलेल्या काळ्या कणांवर पाण्याचा थेंब टाकावा. कण माती असेल तर काही होत नाही. तांबूस डाग पसरला तर ते पचलेले रक्त होय. कागद वर्गात आणून थेंब टाकून दाखवता येईल. मुलांना मात्र कुत्र्यापाशी पाठवू नये. वेदनेने कुत्रा चावू शकतो. चावल्यास जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी दवाखाना गाठून लस सुरू करावी.

उपचाराची पहिली पायरी म्हणजे भोवतीचे केस कापणे. चट्ट्याला वारा लागला पाहिजे. हे दुखते, म्हणून पशुवैद्याकडून करून घेतलेले बरे. नंतर क्लोरहेक्सिडीनच्या सौम्य द्रावणाने धुऊन जागा कोरडी करतात, आणि तोंड पोचू नये म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखी कॉलर घालतात. खाज फार असल्यास डॉक्टर थोडे दिवस स्टेरॉइड देतात. भोवती पुटकुळ्या असतील तर जंतू खोल गेलेले असतात; तेव्हा पोटातून प्रतिजैविक लागू शकते. साधा चट्टा आठवड्याभरात सुकतो. तेलात कालवलेली हळद ओल कोंडून ठेवते. जळके तेल व फिनेल कुत्रा चाटतो आणि विषबाधा होते. आपल्या घरातली आयब्युप्रोफेन, पॅरासिटामॉल यांसारखी औषधे तर मुळीच देऊ नयेत. उघड्या जखमेवर माश्या बसून अळ्या पडल्या, तर थेट सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. अवघड रोग्यासाठी उदगीर व परभणी येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत.

चट्टा सुकला तरी पिसवा राहिल्या तर पुढच्या महिन्यात तो पुन्हा पडतो. पिसवांची अंडी कुत्र्याच्या अंगावरून घरंगळून त्याच्या पोत्यात, फरशीच्या फटींत पडतात. अळ्या तेथेच वाढतात. म्हणून अंथरूण गरम पाण्यात धुवावे, कोपरे झाडावेत, आणि घरातल्या सर्व कुत्र्या-मांजरांना डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध द्यावे. कुत्र्याचे औषध मांजराला लावू नये. परमेथ्रिन असलेले औषध मांजराच्या जिवावर बेतते. कोशातील पिसू महिनोन्‌महिने दबून राहते, आणि पावलांचा हादरा, अंगाची ऊब व उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड यांची चाहूल लागताच बाहेर पडते. सुट्टीनंतर कुलूप उघडून आत पाऊल टाकताच पिसवा पायांवर चढतात, त्या अशा.