दोन कंपन्या एक झाल्या, म्हणून शेअर घ्यावा का?

ठाण्याच्या मॉलमध्ये गेलं की केएफसी आणि पिझ्झा हटच्या पाट्या दिसतात. मुरबाड-शहापूरहून कल्याणला कॉलेजला जाणारी आपली मुलंही आता ही नावं सहज घेतात. म्हणूनच गटांच्या बैठकीत आम्हाला प्रश्न येतो, "ताई, ही दुकानं चालवणाऱ्या दोन कंपन्या एक होतायत म्हणे. गटाच्या शिलकीतून थोडे शेअर घेऊ या का?" आज त्याचाच हिशोब मांडू या.

आधी बातमी समजून घेऊ. भारतात ही दुकानं मुख्यतः दोन कंपन्या चालवतात, देवयानी इंटरनॅशनल आणि सफायर फूड्स. १ जानेवारी २०२६ रोजी त्यांनी विलीनीकरण जाहीर केलं. सफायर ही देवयानीत मिसळणार. देश-परदेशातली मिळून तीन हजारांहून जास्त दुकानं एका छत्राखाली येणार. पण जाहीर झालं म्हणजे पूर्ण झालं असं नाही. शेअर बाजार, स्पर्धा आयोग, कंपनी न्यायाधिकरण आणि भागधारक यांची मंजुरी लागते. त्याला १२ ते १५ महिने लागतील, असं जाहीर करतानाच सांगितलं होतं.

आता आपल्या गटाचं उदाहरण घेऊ. एका गावातले दोन गट एकत्र आले. दोन्हीकडे थकबाकी आहे. एकत्र आल्यावर वही एक होईल, बँकेच्या फेऱ्या कमी होतील, थोडा खर्च वाचेल. पण थकबाकी पुसली जाईल का? नाही. ती वसूलच करावी लागेल. इथेही तसंच आहे. जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीत दोन्ही कंपन्या तोट्यात होत्या. एकत्र आल्यावर दुसऱ्या पूर्ण वर्षापासून वर्षाला २१० ते २२५ कोटी रुपयांचा फायदा होईल, असा कंपनीचा अंदाज आहे. अंदाज म्हणजे हातात आलेला पैसा नव्हे.

"पण ताई, दुकानात तर गर्दी असते!" असते. वडापावच्या गाडीवरही असते. गाडीवालीला विचारा, गल्ल्यात किती आले आणि तेल, बटाटे, पाव, गॅसचे पैसे देऊन घरी किती नेले. या कंपन्यांना जागेचं भाडं, पगार, वीज तर आहेच. शिवाय केएफसी आणि पिझ्झा हट ही नावं त्यांची नाहीत, ती अमेरिकेतल्या यम ब्रँड्स या कंपनीची आहेत. नाव वापरल्याबद्दल विक्रीवर ठरावीक टक्के रक्कम तिला द्यावी लागते. नफा होवो की तोटा, ती द्यावीच लागते.

आणखी एक आकडा फसवा वाटतो. सफायरच्या १०० शेअरमागे देवयानीचे १७७ शेअर मिळणार. ऐकून वाटतं, ७७ फुकट! तसं नाही. हिशोबापुरतं धरा, देवयानीचा एक शेअर १०० रुपयांना आहे, तर १७७ शेअरचे १७,७०० रुपये. तोच भाव ८० वर आला, तर १४,१६०. शेअर तेवढेच, पैसे कमी. म्हणून नग मोजू नका, किंमत मोजा.

मग घ्यावा की नाही? स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे पैसे पुढची पाच वर्षं लागणार नाहीत ना? निम्मे बुडाले तर घर अडणार नाही ना? कंपनीचे तिमाही निकाल आपण स्वतः वाचले का, की कुणी मोबाइलवर पाठवलेल्या 'खात्रीच्या' निरोपावर निघालोय? एकाही प्रश्नाला उत्तर अडलं, तर थांबा. सल्ला हवाच असेल, तर सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराचा घ्या. शेअरमध्ये खात्रीचा नफा कुणीच देऊ शकत नाही.

गटाच्या शिलकीबद्दल मात्र आमचं म्हणणं स्पष्ट आहे: ती शेअरमध्ये घालू नये. डीमॅट खातं एका बाईच्या नावावर असतं. गटाचा पैसा त्यात गेला, तर कागदावर शेअर तिचे होतात. भाव पडला की भांडण गटात, आणि ती दगावली तर प्रश्न तिच्या वारसांपर्यंत जातो. शिवाय ही शिलक कुणाच्या बाळंतपणासाठी, कुणाच्या बियाण्यासाठी, कुणाच्या फीसाठी असते. त्या दिवशी शेअरचा भाव पडलेला असेल, तर नड असलेल्या बाईला आपण काय सांगणार?

ज्या ताईला शेअर घ्यायचाच आहे, तिने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या जास्तीच्या पैशातून, थोडाच घ्यावा. कर्ज काढून तर मुळीच नको. पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्या, गटाची शिलक कशासाठी वापरायची ते सगळ्यांनी मिळून ठरवा, आणि ठराव इतिवृत्तात लिहून सह्या घ्या.