आज कुठला वार? पाण्याचा!

आमच्या गल्लीत वार कॅलेंडरवरून कळत नाही, नळावरून कळतो. सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी पाच ते सहा पाणी. त्यामुळे आई मावशीला फोनवर ‘सोमवारी ये’ असं कधी म्हणत नाही. ‘पाण्याच्या दिवशी नको, दुसऱ्या दिवशी ये,’ म्हणते. शुक्रवार म्हणजे आठवडी बाजार. शनिवारी सकाळी बाजारतळावर सडक्या कोबीचा वास आला नाही, की समजायचं झाडणाऱ्या मावश्या रात्रीच येऊन गेल्या. आणि मंगळवार?

मंगळवार म्हणजे दारावर थाप, आणि आपण आतून ओरडायचं, ‘घरात कुणी नाही!’

घरात कुणी नाही, हे सांगायला घरात कुणीतरी लागतं, हे तेव्हा डोक्यात यायचं नाही. नगरपालिकेच्या आरोग्य विभागाच्या दोन ताई यायच्या. खांद्याला पिशवी, हातात टॉर्च. ‘साठवलेलं पाणी बघायचंय’ म्हणायच्या, आणि बघितलं की ‘हे ओता’ म्हणायच्या. आदल्या संध्याकाळी तासभर नळाला पाइप लावून भरलेलं बॅरल कोण ओतणार? मग आवाज न करता बसून राहायचं. ताई दाराच्या बाजूला खडूने तारीख आणि ‘बंद’ असं लिहून पुढे जायच्या.

मागच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये धाकट्या भावाला डेंग्यू झाला. पाच दिवस ॲडमिट. रोज सकाळी रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत बाबा जिन्यातच उभे. गल्लीतल्या अजून दोन घरांत तेच. तो घरी आल्यावरच्या मंगळवारी मी पहिल्यांदा दार उघडलं. ताईंनी मागच्या अंगणात ठेवलेल्या कूलरच्या ट्रेमध्ये टॉर्च मारला. पाण्यात बारीक बारीक काहीतरी वळवळत होतं. एक ताई फक्त म्हणाल्या, ‘बघा.’ रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर कॉलेजात एस.वाय.चा पर्यावरणाचा प्रोजेक्ट आला. हा प्रोजेक्ट कसा होतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. सीनिअरची फाइल, नवं पहिलं पान आणि स्पायरल बाइंडिंग. यंदा मॅडमनी अट घातली, विषय गावातलाच पाहिजे. आम्ही तिघींनी घेतला ‘नगरपालिकेचा एक आठवडा’. एक दुपार जायचं, पाच फोटो काढायचे, संपलं. प्रत्यक्षात पाच आठवडे गेले.

त्यातला पहिला तर आमच्याच वेंधळेपणात गेला. कॉलेजचं पत्र घेऊन आवक-जावक टेबलावर दिलं आणि घरी आलो. पुढच्या सोमवारी गेलो तर पत्राचा पत्ता नाही. टेबलावरचे काका म्हणाले, ‘पोच कुठाय?’ अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या, दुसरीवर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा, ती आपल्याकडे ठेवायची. ती पोच. ती नसेल तर तुम्ही अर्ज दिलाच नव्हता. तीन वर्षांच्या पॉलिटिकल सायन्समध्ये हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुस्तकात जे होतं ते सगळं बरोबरच आहे म्हणा. ७४ वी घटनादुरुस्ती, १ जून १९९३ पासून लागू, बाराव्या अनुसूचीत पालिकांसाठी १८ विषय. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यानुसार वर्ग ठरतात. एक लाखाच्या वरची लोकसंख्या ‘अ’, चाळीस हजार ते एक लाख ‘ब’, त्याखाली ‘क’. आमचं गाव ‘क’. परीक्षेत यावर चार मार्क मिळतात. पण त्या १८ विषयांपैकी बरेचसे एकाच जिन्यावर, एकेका खोलीत, एका पंख्याखाली बसलेले असतात हे पाहिल्याशिवाय कळत नाही. पाणीपुरवठ्याच्या दाराला लागून कर विभाग, त्याच्यासमोर बांधकाम, जिन्याखाली जन्म-मृत्यू नोंदणी.

जिन्याखालच्या त्या खिडकीशी सगळ्यात जास्त गर्दी असते, आणि त्यात आपल्याच वयाची पोरं जास्त. कुणाच्या दाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग वेगळं, कुणाच्या आधारवर तारीख वेगळी. एक मुलगा रडकुंडीला आला होता, कारण तो जन्मला होता दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यात, आणि नोंद जिथे जन्म तिथे होते, जिथे घर तिथे नाही. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते. वर्ष उलटलं तर थेट दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत जावं लागतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून तर कायदाच बदलला. त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून ड्रायव्हिंग लायसन्सपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला. आपण त्यातून सुटलो, पण पासपोर्ट काढायच्या आदल्या आठवड्यात दाखला शोधण्यापेक्षा आज रात्रीच कपाटात बघा. खरंच.

दुसऱ्या सोमवारी एक वेगळीच गोष्ट हाती लागली. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने एक निर्णय काढलाय. स्थानिक स्वराज्य संस्थांमधलं रेकॉर्ड नागरिकांना दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत पाहता यावं, असा. पुणे महापालिकेत ही पद्धत आधीपासून होती. आम्ही तो निर्णय मोबाइलवर दाखवला तेव्हा क्लार्क मॅडमनी तो दोनदा वाचला, आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘माझ्या नोकरीत तुम्हीच पहिल्या. काय पाहिजे?’

काय पाहिजे हे आम्हालाही माहीत नव्हतं. मग सभांची इतिवृत्तं मागितली. ठराव क्रमांक अमुक, सूचक, अनुमोदक, ‘सर्वानुमते मंजूर’. गटार, गाळे, दिवे, पुन्हा गटार. बोअर आहे असं मैत्रीण म्हणाली आणि मीही मान हलवली. पण मग मला महाड आठवलं. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये अशाच एका सभेत ठराव करून चवदार तळं सर्वांना खुलं केलं होतं. कागदावर. प्रत्यक्षात अस्पृश्य मानलेल्यांना पाण्याजवळ जाऊ दिलं गेलं नाही, म्हणून मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पालिकेने आपला ठरावच मागे घेतला. हक्क हायकोर्टातून पक्का व्हायला १९३७ उजाडलं. म्हणजे ‘सूचक, अनुमोदक’ अशाच एखाद्या पानावर पाणी कुणाचं हे लिहिलं गेलं होतं, आणि खोडलंही गेलं होतं. त्यानंतर ते रजिस्टर मी जरा सावकाश उलटायला लागले.

बुधवारी पाणी सोडणाऱ्या काकांना गाठलं. त्यांच्या सायकलला टी आकाराची, माणसाच्या छातीएवढी लोखंडी चावी बांधलेली असते. रस्त्यातलं झाकण उघडायचं, चावी खाली सोडायची आणि आटे मोजत व्हॉल्व्ह फिरवायचा. कुठला किती आटे उघडायचा हे कुठेही लिहिलेलं नाही. ते काकांच्या डोक्यात आहे. मी विचारलं, ‘सगळे एकदम उघडले तर?’ ते म्हणाले, ‘मग खालच्या आळीत कारंजं आणि टेकडीवर फुस्स. टाकी एवढीच हाय की.’ म्हणून पाळी. म्हणून सोमवार-गुरुवार. त्यात खालच्या आळीतली मंडळी थेट नळाला मोटर लावतात, तेव्हा टेकडीवरच्या बायका शिव्या काकांना घालतात.

काकांनी पाण्याची तपासणीही दाखवली. काचेच्या छोट्या नळीत नळाचं पाणी, त्यात औषधाचे काही थेंब. पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. शेवटच्या नळालाही लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी उरायला हवं, तर वाटेत मिसळलेल्या घाणीला ते पुरून उरतं. म्हणून ते मुद्दाम गल्लीतल्या टोकाच्या घरात जातात. त्या घरातली आजी त्यांना रोज विचारते, ‘चहा घेणार का?’ आणि ते रोज ‘उद्या’ म्हणतात.

मग आला मंगळवार, यावेळी दाराच्या दुसऱ्या बाजूने. आम्ही त्या दोन ताईंबरोबर साठ घरं फिरलो. पहिल्या वीस घरांत सहा ठिकाणी ‘घरात कुणी नाही’ ऐकलं. एका घरातून ते आमच्याच वर्गातल्या मुलाने सांगितलं. आवाज ओळखू आला, पण मी काही बोलले नाही.

ताई ठेकेदारामार्फत कामाला आहेत. एकीचा मुलगा बारावीला आहे. त्यांना पाण्याच्या भांड्याकडे बघून जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, गटारात नाही. दिवसा चावतो. फार लांब उडत नाही, म्हणजे आपल्याला चावलेला डास बहुतेक वेळा आपल्या किंवा शेजारच्या घरातच वाढलेला असतो. अंडं ते उडणारा डास, याला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून कोरडा दिवस आठवड्यातून एकदा. हा वार कुणी साहेबाने ठरवलेला नाही, डासाने ठरवलाय! सात दिवसांच्या आत पाणी ओतलं की अळी डास होण्याआधी जमिनीवर. नुसतं ओतूनही भागत नाही, कारण अंडी भांड्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेजवळ चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. म्हणून घासायचं. लोक मात्र धुराच्या गाडीची मागणी करतात. धूर दिसतो, आवाज होतो, गाडीसमोर उभं राहून फोटो काढता येतो. पण धुराने उडणारे डास मरतात. बॅरलमधल्या अळ्यांना तो पोचतच नाही.

चौथ्या आठवड्यात, रात्री रिपोर्ट लिहायला बसलो होतो. मैत्रिणीने काकांकडून मिळालेलं पाण्याचं वेळापत्रक एका कागदावर काढलं होतं, मी कोरड्या दिवसाचं दुसऱ्या. बाइंडिंगला पानं वाढवायची म्हणून दोन्ही एकाच तक्त्यात घातली. आणि मग तिघी त्या तक्त्याकडे बघत बसलो.

आमच्या प्रभागात पाणी सोमवारी संध्याकाळी, कोरडा दिवस मंगळवारी सकाळी. नऊपैकी पाच प्रभागांत हेच. म्हणजे एक खातं रात्री बॅरल भरायला लावतं आणि बारा तासांनी दुसरं खातं ते ओतायला सांगतं. दोन्ही खात्यांच्या दारांमध्ये फक्त जिना आहे. ‘घरात कुणी नाही’ हे आळशीपणाने म्हटलं जात नव्हतं सगळीकडे. टेकडीवरच्या आजीला दोन बॅरल ओतून पुढचे तीन दिवस काय करायचं हा प्रश्न खरा होता. भांडी जवळजवळ रिकामी असतात ती पाणी यायच्या दिवशी सकाळी. तेव्हा घासायला सांगितलं तर कोण नाही म्हणेल?

स्वच्छता निरीक्षकांकडे तक्ता घेऊन गेलो. दोन प्रती, एकीवर पोच. त्यांनी तो उलटा-सुलटा पाहिला. आधी म्हणाले, ‘हे वेळापत्रक वर्षानुवर्षं असंच आहे.’ मग म्हणाले, बायका सहाच आहेत, प्रभाग नऊ, सगळीकडे पाण्याच्या दिवशी सकाळी पोचणं जमणार नाही. ते खरं होतं, आम्ही तो हिशेबच केला नव्हता. मग त्यांनी बेल वाजवून पाणीपुरवठ्याच्या साहेबांना बोलावलं. दोघं तक्त्यावर वाकून वीस मिनिटं बोलत होते, आम्हाला विसरून. चहा आला. शेवटी ठरलं की टेकडी आणि आमचा प्रभाग, दोनच ठिकाणी, तीन महिने गुरुवारी सकाळी करून बघायचं. लेखी काही मिळालं नाही. मागितलं तेव्हा साहेब हसले आणि म्हणाले, ‘आधी होऊ तर द्या.’

प्रोजेक्टला २० पैकी १६ मिळाले. संदर्भसूची नीट नव्हती म्हणे.

परवाच्या गुरुवारी सकाळी सव्वानऊला थाप पडली. भाऊ अभ्यासाचं नाटक करत होता, त्याने उठून दार उघडलं. बॅरलच्या तळाशी दोन तांबे पाणी होतं. त्याने ते झाडांना घातलं, बॅरल आडवं केलं आणि काथ्या घेऊन अर्धा आत शिरला. ताई बाहेरून टॉर्च धरून त्याला सांगत होत्या, ‘कडेला, कडेला घास.’ शेजारच्या दारावर त्यांनी थाप मारली तेव्हा आतून आवाज आला, ‘घरात कुणी नाही!’

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी चप्पल घातली आणि त्यांच्याबरोबर शेजारी गेले.