घोरण्याची फिर्याद आणि रक्ताची साक्ष

वैशाखात रात्र पडली तरी भिंती निवत नाहीत, अशा वेळी सोलापुरातील पुष्कळ कुटुंबे आजही अंथरुणे घेऊन गच्चीवर जातात, आणि मग एका घरचे घोरणे आसपासच्या चार घरांना निमूटपणे ऐकून घ्यावे लागते. परंतु घोरणाऱ्याची झोप गाढ आहे, कष्टाचा देह आहे, असाच निर्वाळा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला, आणि त्या घोरण्यात मधूनच पडणारी जी चमत्कारिक शांतता, जिच्या अखेरीस मनुष्य घुसमटून, दचकून पुन्हा श्वास ओढतो, तिची दखल घरच्या बाईखेरीज सहसा कोणी घेतली नाही. वैद्यकशास्त्राने तरी ही फिर्याद आपल्या दप्तरी रीतसर दाखल करून घेण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडू दिला.

निद्रेत घशाचे स्नायू सैल पडतात, आणि मेदामुळे किंवा जबड्याच्या ठेवणीमुळे ज्याच्या घशाची वाट मुळातच अरुंद आहे त्याची ती वाट जीभ मागे पडताच साफ बंद होते. छाती आणि पोट श्वासासाठी धडपडत असतात, पण हवा आत शिरत नाही. असा खंड किमान दहा सेकंद टिकला म्हणजे त्याची गणना श्वासरोधात होते. तासाला असे पूर्ण वा अर्धवट खंड पाचापर्यंत गेले की विकाराची नोंद होते, आणि तीस गाठले की तो तीव्र समजला जातो. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वर्षे वयाच्या शहरी पुरुषांमध्ये श्वसनाचा असा बिघाड १९.५ टक्क्यांत, आणि त्याच्या जोडीला दिवसाची अनावर झोप ७.५ टक्क्यांत आढळली होती. ही माणसे रुग्ण म्हणून आलेली नव्हती, धडधाकट म्हणून आलेली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे हा आकडा किती बोलका आहे ते कळते.

यावरील मुख्य इलाज जो ‘सीपॅप’, तो ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली पाच रुग्णांच्या अनुभवासह ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. आरंभीच्या यंत्रासाठी त्यांनी केर ओढणाऱ्या यंत्राची मोटर उलटी वापरली होती. त्यामागचे तत्त्व इतके साधे की ते आधी कोणास कसे सुचले नाही याचेच आश्चर्य वाटावे: नाकावरील मुखवट्यातून हवा मंद पण अखंड दाबाने घशात सोडायची, म्हणजे पाण्याच्या पाइपात पाणी असेपर्यंत तो जसा चिपत नाही तशी ती वाट मिटत नाही. पहिल्याच रात्री घोरणे थांबते, आणि कित्येकांना सकाळी आपण वर्षानुवर्षे झोपलोच नव्हतो असा साक्षात्कार होतो.

इथवर वाद नाही. वाद आहे तो पुढच्या प्रश्नाविषयी: श्वास सुरळीत झाला म्हणून रक्तातला दाह शमतो काय?

दाह म्हणजे केवळ जखमेभोवतीची लाली आणि सूज नव्हे. सर्व शरीरात मंदपणे, वेदनेवाचून धुमसत राहणारा आणि रोहिण्यांच्या अस्तराची हळूहळू नासाडी करणारा दाहही असतो, आणि श्वासरोध त्याला निमित्त होतो असे मानण्यास सबळ आधार आहे. उंच पर्वतावर राहणाऱ्याला प्राणवायूची तूट सलग असते, आणि देह तिच्याशी जुळवून घेतो. श्वासरोधाच्या रुग्णात मात्र तूट आणि भरपाई यांचे आवर्तन रात्रभर, शेकडो वेळा चालते. डब्लिनच्या सिल्के रायन, वॉल्टर मॅकनिकोलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली असे दाखविले की, पेशींना प्राणवायूचा हा खंडित पुरवठा केला असता दाहाची सूत्रे हलविणारे ‘एनएफ-कप्पा-बी’ हे प्रथिन जागे होते. त्यांच्या रुग्णांच्या रक्तात ‘टीएनएफ-अल्फा’ हे दाहकारक द्रव्य वाढलेले होते, आणि सीपॅपच्या उपचाराने ते उतरले. त्याआधी २००३ साली जपानी संशोधकांनी महिनाभराच्या उपचाराने ‘सीआरपी’ आणि ‘इंटरल्यूकिन-६’ ही दोन्ही द्रव्ये घटल्याची ग्वाही दिली होती. प्रकरण निकालात निघाले, असेच पुष्कळांना वाटले.

पण वैद्यकातील साक्षीदाराची उलटतपासणी व्हावी लागते, आणि ती येथे झाली. मुख्य संशयित होता मेद. पोटावरचा मेद हे नुसते साठवणीचे कोठार नसून तो स्वतःच इंटरल्यूकिन-६ रक्तात सोडतो, आणि त्याच्या हुकुमावरून यकृत सीआरपी तयार करते. श्वासरोधाचे रुग्ण बहुधा स्थूल असतात, तेव्हा वाढलेल्या सीआरपीचा गुन्हा श्वासाच्या माथी मारावा की मेदाच्या? ऑक्सफर्डमध्ये माल्कम कोहलर प्रभृतींनी २००९ साली शंभर पुरुषांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी केली, एका गटास खरा दाब आणि दुसऱ्यास नाममात्र दाब दिला, आणि चार आठवड्यांनी पाहिले तर सीआरपीत वा इंटरल्यूकिन-६ मध्ये म्हणण्यासारखा फरक नव्हता. अमेरिकेतील पेन्सिल्व्हानियाचा २०१४ चा प्रयोग तर अधिकच मार्मिक आहे. स्थूल आणि श्वासरोधाने पीडित अशा १८१ जणांपैकी काहींना सीपॅप, काहींना वजन उतरविण्याचा कार्यक्रम आणि काहींना दोन्ही असे २४ आठवडे दिले. ज्यांनी वजन उतरविले त्यांचे सीआरपी उतरले, आणि ज्यांना नुसता मुखवटा मिळाला त्यांचे होते तेथेच राहिले.

असे असूनही अनेक लहानमोठ्या अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज करणाऱ्यांना सीपॅपने दाहाची द्रव्ये थोडीफार घटल्याचे दिसते, आणि ती घट तीन महिन्यांहून अधिक काळ, रात्री चार तासांहून अधिक वेळ यंत्र वापरणाऱ्यांत जास्त दिसते. माझ्या मते या खटल्याची खरी मेख वापराच्या तासांत आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सेव्ह’ या चाचणीत, ज्यात भारतासह सात देशांतील हृदयाचे वा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे २,७१७ रुग्ण होते, सीपॅपने झटके टळल्याचे दिसले नाही. मात्र त्या रुग्णांचा सरासरी वापर रात्री अवघा ३.३ तास होता, म्हणजे उरलेल्या निम्म्याहून अधिक निद्रेत घसा पूर्ववत मिटतच होता. दिवसाची झोप आणि मनाची उदासी मात्र तेवढ्या वापरानेही कमी झाली.

यावरून व्यवहारात काय घ्यावे? सीआरपीचा आकडा उतरावा एवढ्याच आशेने कोणी हे यंत्र घेऊ नये. तो आकडा दाढ सुजली, पडसे झाले तरी चढतो, आणि आरोग्यतपासणीच्या सवलतीच्या जाहिरातींत त्याला हल्ली जो मान मिळतो तो मला अवास्तव वाटतो. यंत्र घ्यावे ते झोपेसाठी, रक्तदाबासाठी आणि जाग्या दिवसासाठी. पुणे-हैदराबाद महामार्गावर रात्रीबेरात्री मालमोटार हाकणाऱ्या चालकाच्या डोळ्यावर आलेली पेंग सीआरपीच्या कोणत्याही आकड्याहून भयंकर असते. आणि दाहच शमवायचा असेल, तर कंबरेचा घेर उतरविण्यास पर्याय नाही. मुखवटा आणि पथ्य ही दोन्ही एकत्र चालली पाहिजेत.

सोलापुरात मात्र या उपचाराच्या काही स्थानिक अडचणी आहेत. उन्हाळ्याच्या शुष्क हवेत नाक कोरडे पडून मुखवटा नकोसा होतो, म्हणून हवा ओलसर करणारी जोडणी येथे चैन समजू नये. धूळ अधिक, तेव्हा गाळणी वेळच्या वेळी बदलावी. वीज गेली की यंत्र थांबते. मुखवट्याला छिद्रे व झडपा असल्याने जीव गुदमरत नाही, पण उपचार खंडित होतो, म्हणून घरी बॅटरीची सोय नसेल तर डॉक्टरांना ते आधीच सांगावे. यंत्र रोजच्या वापराचे तास स्वतःच नोंदवून ठेवते. पुढच्या भेटीस जाताना ती नोंद बरोबर न्यावी, कारण रक्ताच्या अहवालाआधी डॉक्टर तीच विचारतील.