दानांतील व्यापारनीति

भोर तालुक्यांतील उत्रोलीसारख्या एखाद्या गांवीं एका सधन दुकानदारानें स्वतःच्या द्रव्यानें वाटेच्या कडेला विहीर खणली, आणि ती बांधून पुरी होतांच तिचें बक्षीसपत्र गांवच्या पंचांच्या नांवें करून दिलें, तर लोक त्यास दानशूर म्हणतील. परंतु त्या पाण्यामुळें वाटसरू तेथें थांबूं लागले आणि शेजारच्या त्याच्या दुकानाची विक्री वाढली, तर त्या दानांत व्यापार मुळींच नव्हता, असें कोणास म्हणतां येणार नाहीं. संगणकाच्या धंद्यांतील मोठमोठ्या कंपन्या आज अशाच तऱ्हेचीं दानें करीत आहेत.

संगणकाकडून काम करवून घेणाऱ्या आज्ञांच्या संचास सॉफ्टवेअर म्हणतात. ज्याच्या मूळ आज्ञा कोणासहि वाचतां, बदलतां व वापरतां येतात, तें ओपन सोर्स सॉफ्टवेअर होय. मात्र आज्ञा उघड्या असल्या, तरी प्रकल्पाचें नांव आणि त्याच्या वाढीची दिशा पुष्कळदां एकाच कंपनीच्या हातीं असते. उद्यां तिनें अटी बदलल्या तर काय, ह्या भीतीनें इतर कंपन्या त्यावर विसंबण्यास कचरतात. १९९९ सालीं अमेरिकेंत स्थापन झालेल्या अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनसारखी नफा न घेणारी संस्था ही भीति दूर करते. प्रकल्पाचें नांव संस्थेच्या मालकीचें होतें. काम करणारे लोक कंपनीचे नोकर म्हणून नव्हे, तर व्यक्ति म्हणून मत देतात. आणि नवी आवृत्ति प्रसिद्ध करण्यास किमान तीन अनुकूल मतें लागतात.

काफ्का ह्या प्रणालीचें उदाहरण येथें बोधप्रद आहे. अनेक यंत्रांमधून माहितीचा ओघ अखंड वाहता ठेवण्यासाठीं लिंक्डइन कंपनींत ती तयार झाली. तिच्या तीन निर्मात्यांपैकीं नेहा नारखेडे ह्या पुण्यांत वाढलेल्या व पुण्यासच शिकलेल्या. जे क्रेप्स व जुन राव हे इतर दोघे. २०११ सालीं लिंक्डइननें काफ्का अपाचेच्या स्वाधीन केली. असल्या प्रणाली विकणें हा लिंक्डइनचा धंदाच नव्हता; म्हणून ह्या दानानें तिच्या दुकानांतील माल कमी झाला नाहीं. उलट इतर कंपन्यांचे कारागीर तीच प्रणाली सुधारूं लागले आणि त्यांच्या श्रमाचा लाभ दात्यासहि झाला.

पुढें २०१४ सालीं ह्या तिघांनीं कॉन्फ्लुएंट नांवाची कंपनी काढली व लिंक्डइननें तींत भांडवलहि घातलें. काफ्का सर्वांची, परंतु ती चालवून देण्याची सेवा आणि भोवतालचीं साधनें कॉन्फ्लुएंटचीं, अशी ही वांटणी होती. २०१८ सालीं कॉन्फ्लुएंटनें त्यांपैकीं कांहीं साधनांचा परवाना बदलून, तीं सेवा म्हणून विकण्यास प्रतिस्पर्ध्यांस मनाई केली. काफ्काचा परवाना बदलणें मात्र तिच्या हातीं नव्हतें. दिलेलें दान परत घेतां येत नाहीं, ह्यांतच वापरणाऱ्यांच्या विश्वासाचें मूळ आहे. २०२१ सालीं कॉन्फ्लुएंटचे भाग अमेरिकेच्या शेअरबाजारांत आले, त्या वैभवाचा पायाहि हा विश्वासच होय.

संस्थेच्या पदरांत घातला कीं प्रकल्प अमर झाला, असें कोणा श्रोत्यास वाटल्यास नवल नाहीं; परंतु तसें घडत नाहीं. डेटाटोरेंट ह्या अमेरिकन कंपनीची एक कचेरी पुण्यांत होती. तिनें २०१५ सालीं एपेक्स ही आपली प्रणाली अपाचेस दिली व २०१६ सालीं ती पूर्ण प्रकल्प म्हणून मान्यहि झाली. पण लिंक्डइननें जें दिलें तें तिच्या धंद्याच्या बाजूचें होतें. डेटाटोरेंटनें दिलें तें धंद्याच्या गाभ्यांतलें. शिवाय एपेक्सवर राबणारे बहुतेक हात त्याच कंपनीचे होते. २०१८ सालीं कंपनी बंद पडली, हात थांबले, आणि २०१९ सालीं एपेक्सची रवानगी अपाचेच्या 'ॲटिक'मध्यें, म्हणजे निवृत्त प्रकल्पांच्या माळ्यावर झाली. आज्ञा आजहि कोणासहि वाचतां येतात. त्यांवर काम करण्यास मात्र कोणी उरलें नाहीं.

म्हणून दान देऊं इच्छिणाऱ्या कंपनीनें आधीं तीन प्रश्न स्वतःस विचारावे. जें द्यावयाचें, त्यावांचून आपला चरितार्थ चालेल काय? त्याच्या शेजारीं विकण्याजोगें आपल्यापाशीं कांहीं उरेल काय? आणि आपण उद्यां नसलों, तर तें सांभाळण्यास दुसरे कोणी पुढें येतील काय? पहिल्या दोहोंचीं उत्तरें हिशेबाच्या वहींत मिळतात. तिसऱ्यासाठीं मात्र परक्या कारागिरांस वेळींच बोलावून, शिकवून, मताचा अधिकार देऊन आपलेंसें करावें लागतें. बक्षीसपत्रानें विहीर गांवाच्या नांवें होते. परंतु उन्हाळ्यांत तिचा गाळ काढण्यास गांव उतरलें, तरच ती खरोखर गांवाची झाली असें समजावें.