मामूंचा बोरू आणि माझा कीबोर्ड

आमच्या शाळेच्या संगणक कक्षात सहावीची मुले येतात, स्वतःच यंत्र सुरू करतात आणि मी फळ्यावर तारीख लिहीपर्यंत निम्म्यांची चित्रे काढून झालेली असतात. माऊस कसा धरायचा हे त्यांना शिकवावे लागत नाही. मला ते जमायला आठवडा लागला होता. आणि त्याहून महत्त्वाचे जे होते, ते मला शिकवणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी माऊसला हात लावला नव्हता.

१९९८ चा उन्हाळा होता. बारावीची परीक्षा देऊन मी निकालाची वाट पाहत होते. आमच्या मालेगावात दिवसरात्र लूमचा खडखडाट चाले. जुम्याला लूम बंद झाले की कानांना चुकल्यासारखे होई. बाजारात एका छापखान्याच्या माडीवर डीटीपीचे दुकान निघाले होते आणि दुपारी तिथे मुलींसाठी कॉम्प्युटर क्लास चाले. तीन महिन्यांची फी बाराशे रुपये. अब्बा लूमवर कामाला, त्यांना ही रक्कम जड होती. "मुलीला याचा उपयोग काय?" असे नात्यातल्या एक-दोघांनी विचारलेही. अम्मींनी भिशीचे सातशे काढून दिले. उरलेले पाचशे मामूंनी दिले.

मामू कातिब होते. हा शब्द आजच्या मुलांना समजावून सांगावा लागतो. उर्दूची नस्तालीक लिपी तिरकी उतरत जाते आणि एकच अक्षर शेजारच्या अक्षराप्रमाणे रूप बदलते. शिशाच्या खिळ्यांत ती नीट बसली नाही. म्हणून मराठी वर्तमानपत्रे खिळे जुळवून छापली जात, तेव्हाही उर्दू वर्तमानपत्रे ओळ न् ओळ हाताने लिहून छापली जात. मामू एका उर्दू साप्ताहिकासाठी हे काम करत. गुडघ्यावर पाटी, तिच्यावर बटर पेपर, हातात बोरू. चुकले तर ब्लेडने शाई अलगद खरवडायची. अक्षराचे माप ते 'कत'मध्ये घेत, म्हणजे बोरूच्या टोकाने टाकलेल्या एका नुक्त्याएवढे. अलिफ तीन कत. एका पानाला अख्खी सकाळ जाई. उरलेल्या वेळात लग्नाचे रुक्के आणि मुशायऱ्यांचे इश्तिहार.

ही मेहनत यंत्रात उतरवण्याचे काम तोवर होऊन गेले होते. १९८१ मध्ये पाकिस्तानातील खुशनवीस मिर्झा अहमद जमील यांच्या हस्ताक्षरावरून मोनोटाइप कंपनीसाठी 'नूरी नस्तालीक' तयार झाले. त्यासाठी अक्षरांच्या वीस हजारांहून अधिक जोडण्या एकेक करून आखाव्या लागल्या. १९९४ मध्ये भारतात 'इनपेज' निघाले आणि तेच नस्तालीक साध्या कॉम्प्युटरवर लिहिता येऊ लागले. म्हणजे ज्या यंत्रापुढे मी बसणार होते, त्यातही एका खुशनवीसाचाच हात होता. मला तेव्हा याचा पत्ता नव्हता.

क्लासमध्ये चपला बाहेर काढाव्या लागत. एका यंत्रावर तिघी. एक टाइप करी, दुसरी वाचून दाखवी आणि तिसरी आपल्या पाळीची वाट पाही. पहिला महिना डॉसच्या काळ्या पडद्यावर गेला, मग विंडोज ९५ आले. शिकलेले सारे १.४४ एमबीच्या फ्लॉपीत घालून मी रुमालात गुंडाळून घरी नेई. घरी कॉम्प्युटर नव्हता, तरी नेई.

तिसऱ्या महिन्यात सरांनी इनपेज उघडले. कर्सर पडद्याच्या उजव्या कडेला जाऊन उभा राहिला. मी इंग्रजी बी दाबला आणि 'बे' उमटला. टी दाबला तर 'ते', शिफ्टसह दाबला तर 'टे'. पुढची अक्षरे डावीकडे सरकत जोडली जात होती. इंग्रजी शिकल्याशिवाय कॉम्प्युटर येत नाही असे ऐकत आलेल्या मुलीसाठी ती फार मोठी गोष्ट होती. त्या संध्याकाळी मी मामूंना सगळे सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, "अलिफ किती कतचा आहे?"

क्लास संपल्यावर दुकानमालकांनी मला कामावर बोलावले. पानाला पंधरा रुपये. पहिल्याच आठवड्यात हाती पडलेला मजकूर मी ओळखला. तो मामूंच्या साप्ताहिकाचा होता. संपादकांनी कॉम्प्युटरवर जायचे ठरवले होते आणि ते मामूंना अजून कळले नसावे. मी काय करायला हवे होते? काम नाकारायला हवे होते, की मामूंना जाऊन सांगायला? मी दोन्ही केले नाही. दोन पाने टाइप केली, तीस रुपये घेतले आणि घरी येऊन गप्प बसले. ते गप्प बसणे आजही टोचते.

जुम्याच्या नमाजनंतर मामू घरी आले. हातात ताजा अंक होता. मालकांनी त्यांना सांगितले होते, तुमच्याच भाचीने केलाय म्हणून. त्यांनी अंक माझ्यासमोर पसरला. मी मान खाली घातली. पाहते तर पानावर लाल पेन्सिलीच्या नऊ खुणा. "इथे नुक्ता खाली हवा. इथे दोन शब्द चिकटलेत. हे नाव असे लिहीत नाहीत." एकेक चूक दाखवून झाल्यावर ते म्हणाले, "यंत्राचा हात माझ्यापेक्षा सरळ आहे, बेटी. पण त्याला वाचता येत नाही. ते तुला यायला हवे."

मी रडले. ते म्हणाले, "तू शिकली नसतीस तरी हे काम जाणारच होते. दुसऱ्याच्या हातात गेले असते, इतकेच."

मालकांना मी धीर करून विचारले आणि मामू दुकानात प्रूफ तपासायला येऊ लागले. कातिबीच्या कमाईच्या निम्मेही पैसे त्यात मिळत नसत, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्यांच्यामुळे दुकानाची अब्रू कितीदा वाचली. एका लग्नाच्या रुक्क्यात 'गरीबखाना' लिहायचे होते. 'खे'साठी केसोबत शिफ्ट दाबावी लागते. माझी शिफ्ट निसटली आणि 'खे'च्या जागी 'काफ' आला. मामूंनी वाचले, 'गरीबकाना'! चष्मा वर करून म्हणाले, "यजमान गरीब आहेत ते ठीक, त्यांना काणे कशाला करतेस?" दोनशे रुक्के छापायला जाणार होते.

प्रूफ तपासण्याची त्यांची रीत साधी होती. आधी मजकूर मोठ्याने वाचायचा. मग शेवटच्या शब्दापासून सुरुवात करून एकेक शब्द उलटा वाचत यायचे. सरळ वाचताना मन अर्थामागे धावते आणि चूक डोळ्यांना दिसत नाही. उलट वाचताना शब्द सुटा पडतो. लाइट गेली आणि माझे दीड पान उडाले, तेव्हाही ते म्हणाले होते, "माझी दौत लवंडली की असेच होई. पुन्हा लिही, दुसऱ्यांदा चांगले लिहिले जाते." त्या दिवसापासून दर परिच्छेदानंतर कंट्रोल आणि एस दाबण्याची सवय लागली, ती आजतागायत आहे.

बी.एड.ला गेल्यावर मराठीची पाळी आली. तिथे अडचण निराळी होती. मराठीचे फॉन्ट वेगवेगळे आणि त्यांचे कीबोर्डही वेगळे. एका दुकानात टाइप केलेले पाठनियोजन दुसऱ्या दुकानात उघडले की नुसती खिचडी दिसे. पुढे युनिकोड रुळले तेव्हा हा त्रास मिटला. त्यात प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला आपला ठरलेला क्रमांक आहे, म्हणून एका यंत्रावरचे मराठी किंवा उर्दू दुसऱ्या यंत्रावर तसेच दिसते. मी इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकले, ज्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत. बोटांना वळण लागायला महिनाभर पुरला.

आज हे सगळे खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. उर्दू आणि मराठी, दोन्ही कीबोर्ड सेटिंगमध्ये जाऊन फुकट सुरू करता येतात. तरीही माझे विद्यार्थी आपसात उर्दूही इंग्रजी अक्षरांत लिहितात आणि मराठीही. त्यात ना 'काफ' आणि 'काफ'मधला फरक उरतो, ना 'न' आणि 'ण'मधला. मग वहीतही तीच अक्षरे डगमगू लागतात. चूक मुलांची नाही. त्यांना कोणी दाखवलेलेच नसते. ज्यांना हे काम रीतसर शिकायचे आहे, त्यांच्यासाठी राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचा कॉम्प्युटर आणि बहुभाषी डीटीपीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. हीच परिषद खुशनवीसीचेही वर्ग चालवते. मामूंना ते ऐकून बरे वाटले असते.

माता-पित्यांना माझी एक विनंती आहे. मुलांच्या हातून मोबाइल काढून घेण्याबद्दल आपण रोज बोलतो. त्यावर काय लिहायचे हेही एकदा सांगून पाहा. आठवड्यातून एक दिवस मुलाने किंवा मुलीने नानीला किंवा दादांना चार ओळी आपल्या लिपीत लिहाव्यात, आणि पाठवण्यापूर्वी मोठ्याने वाचाव्यात. पहिल्या खेपेला वेळ लागेल. लागू द्या.

मामू आता हयात नाहीत, अल्लाह त्यांची मगफिरत करो. माझ्या वर्गात मात्र टाइप झालेला प्रत्येक निबंध शेवटच्या शब्दापासून उलटा वाचला जातो. मुले हसतात, आणि चुका सापडतात.