घराचा राखणदार आणि त्याचे कान

राखणीसाठी कुत्रा निवडताना पुष्कळांची दृष्टी प्रथम त्याच्या देहयष्टीकडे जाते. वस्तुतः राखणदाराचे पहिले साधन म्हणजे त्याचे कान होत. मनुष्यास सुमारे २०,००० हर्ट्‌झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. कुत्र्यास सुमारे ४५,००० पर्यंतचा.

तमिळनाडूतील राजापलायम ही जात राखणीसाठी विख्यात आहे. तिचा शुभ्र वर्ण अनेकांस भुलवितो. परंतु धोकाही त्यातच दडलेला असतो. त्वचेस रंग देणाऱ्या पेशी अंतर्कर्णातही आवश्यक असतात. तेथे त्यांचा अभाव असल्यास पिल्लू काही आठवड्यांतच बहिरे होते. म्हणून पांढरे पिल्लू घेण्यापूर्वी, ते पाठमोरे असता, दुरून किल्ल्यांचा जुडगा वाजवून पाहावा. एकाच कानाने बहिरे असलेले पिल्लू मात्र या परीक्षेत बहुधा उत्तीर्ण होते!

जातीवर तरी कितपत विसंबावे? अमेरिकेत १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या पाहणीत (२०२२) वर्तनातील भिन्नतेपैकी केवळ सुमारे ९ टक्के भिन्नतेचा उलगडा जातीवरून झाला. अनोळखी पावलांची चाहूल लागताच भुंकावे, एवढीच अपेक्षा असेल तर गावठी पिल्लूही ते काम चोख बजावते. मात्र तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांदरम्यान त्यास नाना प्रकारच्या माणसांचा सहवास घडवावा. तो न लाभलेला कुत्रा चोराप्रमाणेच पाहुण्यावरही धावून जाण्याचा संभव असतो.